दहा मिनिटांत काढतो

रात्री दोनच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात बार उडाला.

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतलं आमचं घर जुनं, दोन मजली. खाली काका-काकी, वर आम्ही. आवाज असा खणखणीत होता, की काका काठी घेऊन जिना चढून आले. तरुणपणी ते तालमीत जायचे. आता गुडघे साथ देत नाहीत, पण काठी धरायची ढब अजून आखाड्यातलीच आहे. दिवा लावला तर चोर नव्हता. फ्रीजरचं दार सताड उघडं, मटारच्या पिशवीवर काचांचा सडा, आणि कप्प्याच्या छतावरून ओघळत खाली आलेला पांढरा, फसफसणारा चिखल. संध्याकाळी सात वाजता मी सोड्याची बाटली 'दहा मिनिटांत काढतो' म्हणून आत ठेवली होती. पाहुणे आले, चहा पिऊन गेले, बाटली राहिली.

काकांनी काठी भिंतीला टेकवली, एक काच उचलून दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "बिचाऱ्यानं सात तास वाट बघितली की रं तुझी."

काचा वेचता वेचता माणूस विचार करू लागतो. थंडीनं जगातल्या बहुतेक वस्तू आकसतात. माणूसही आकसतो, पांघरुणात गुडघे पोटाशी घेतो. पाणी तेवढं उफराट्या काळजाचं. तेसुद्धा चार अंशांपर्यंत शहाण्यासारखं आकसत जातं, आणि तिथून पुढे त्याचं डोकं फिरतं. ते फुगायला लागतं आणि गोठताना तर अंग सैल सोडून बसतं. लिटरभर पाण्याचा बर्फ झाला की तो जवळजवळ १०९० मिलिलिटर जागा मागतो. म्हणजे शेकडा नऊची वाढ, तीही एका रात्रीत! प्लॅस्टिकची बाटली बिचारी पोट सुटल्यासारखी फुगून वेळ निभावते. काचेला ती सोय नाही. सोड्याचा तर आणखी एक घोळ असतो. त्यात दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड बर्फाला चालत नाही. पाणी गोठत जाईल तसतसा तो वायू उरलेल्या पाण्यात आणि बुचाखालच्या बोटभर पोकळीत लोटला जातो. एस.टी.त आधीच उभ्यानं जागा नाही, आणि कंडक्टर म्हणतोय, 'पुढं सरका, पुढं सरका.' मग कुणीतरी खिडकी फोडणारच.

लहानपणी पाहिलेल्या गोटी सोड्याच्या बाटलीला मात्र या वायूचं भान होतं. हिरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. तिची खुबी अशी, की बूच म्हणून गळ्यात एक काचेची गोटी, आणि ती गोटी धरून ठेवायला आतला वायूच. ज्याला बाहेर पळायचंय त्यानंच आतून कडी लावून बसायचं! आमच्या पेठेतला सोडावाला या बाटल्या भुसा घातलेल्या लाकडी पेटीत बर्फाच्या लादीशेजारी ठेवायचा. लादीवर नाही आणि लादीत तर नाहीच. शेजारधर्मानं जेवढा गारवा मिळेल तेवढाच घ्यायचा, असा त्याचा हिशेब होता. अंगठा दाबला, की 'टॉक्' आवाज व्हायचा, गोटी खाली पडायची आणि नाकात झिणझिण्या यायच्या. एकाही बाटलीनं रात्री दोन वाजता कुणाला उठवल्याचं मला आठवत नाही.

खरं सांगायचं तर फ्रीजर ही वस्तू कोल्हापूरच्या स्वभावाला मानवणारीच नाही. हे गाव पिण्याच्या बाबतीत तिथल्या तिथं, उभ्या उभ्या, समोर तयार होईल ते पिणारं आहे. गंगावेशीतला दूध कट्टा बघा. संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसाळ पेला हातात येतो. त्या दुधाला म्हशीच्या अंगाची ऊब असते, सदतीस-अडतीस अंशांची. त्यात ना साठवण, ना वाहतूक. म्हशीपासून मिशीपर्यंत फक्त एक पेला. तालमीतली थंडाईही तशीच. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून घोटून काढायची आणि घोटणाऱ्याचा घाम वाळायच्या आत प्यायची. खासबागेचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पुरं केलं, तेव्हा कुठला पैलवान फ्रीजर उघडून 'माझी बाटली कुणी घेतली?' म्हणून विचारत होता? त्या पेयाच्या नावातच थंडी होती, बर्फाची गरज नव्हती.

पण काळ बदलला. म्हशीपासून मिशीपर्यंतचं अंतर वाढलं आणि मध्ये पिशवी आली. ती पिशवी आम्ही एकदा फ्रीजरात विसरलो. दुसऱ्या दिवशी आतली वीट पिवळसर दिसली. काकींनी ती तीन वेळा उलटीपालटी केली आणि जाहीर केलं, "दुधाला कावीळ झाली." आमच्या काकी अस्सल कोल्हापुरी. म्हणजे स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणणाऱ्या. "मी सांगतो, असलं दूध चहाला नगं." दुधाला झालं काहीच नव्हतं. पाणी आधी गोठतं आणि स्निग्धांश, प्रथिनं, दुधातला तो किंचित पिवळा जीवनसत्त्वाचा रंग, हे सगळं कोपऱ्यात दाटीवाटीनं गोळा होतं. वितळलं की रंग जातो. पण चहात पडल्यावर ते जे रवाळ होतं, त्याला मात्र शास्त्राकडे दिलासा नाही आणि काकींकडे क्षमा नाही.

दुधाची एक गंमत मला फार आवडते. पाणी शून्याला गोठतं, पण दूध गोठायला त्याच्याही खाली साधारण अर्धा अंश जावं लागतं, कारण त्यात साखर आणि क्षार विरघळलेले असतात. त्यात कुणी पाणी घातलं, की गोठण्याचा बिंदू निमूटपणे शून्याकडे सरकतो. दूध तपासणारे लोक क्रायोस्कोप नावाच्या यंत्रात थोडंसं दूध गोठवून त्याच्याकडून हा कबुलीजबाब काढून घेतात. म्हणजे इकडे धार समोर काढून घेऊन जी खात्री मिळवायची, तीच तिकडे दूध गोठवून मिळवायची. ज्या जिल्ह्यात 'गोकुळ'सारखा दूध संघ उभा आहे, तिथं या अर्ध्या अंशाला किती मान असेल!

गोकुळ सुरू झालं १६ मार्च १९६३ रोजी. त्याच वर्षी पार तिकडे आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, इरास्टो म्पेम्बा नावाचा शाळकरी पोरगा आइस्क्रीम करत होता. दूध उकळायचं, साखर घालायची, निववायचं आणि मग शाळेच्या फ्रीजरात ठेवायचं, असा नियम. पण फ्रीजरात जागा थोडी आणि पोरं फार. जागा जाईल या भीतीनं यानं कढत दूधच आत सारलं. दीड तासानं पाहतो तर न उकळताच दूध ठेवलेल्या दुसऱ्या पोराच्या आधी याचं गोठलेलं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, तुझा काहीतरी घोटाळा झाला. वर्गात हसू झालं. पुढे डेनिस ऑस्बोर्न नावाचे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले, त्यांनाही यानं तोच प्रश्न विचारला. त्यांनी हसण्याऐवजी प्रयोग करून पाहिला आणि १९६९ साली दोघांच्या नावानं निबंध छापून आला. ऊन पाणी गार पाण्याआधी खरंच गोठतं का, कधी गोठतं, का गोठतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मी ही हकीकत काकींना सांगितली. त्या म्हणाल्या, "ऊन भांडं फ्रीजात ठेवायला शाळेत जावं लागतं व्हय? आमच्या घरात रोज ठेवतोस की तू."

विसरण्यातून नाव काढणारी माणसं असतात आणि विसरण्यातून काचा वेचणारीही. अमेरिकेत १९०५ साली फ्रँक एपरसन नावाच्या अकरा वर्षांच्या पोरानं सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर घराबाहेर ठेवला. सकाळी काडीवर बर्फ. अठरा वर्षांनी त्यानं त्याचं पेटंट मागितलं. आपल्याकडे तीच काडी दुपारच्या उन्हात 'गाऽरीगाऽर' अशी आरोळी देत सायकलवरून आली. लाल, पिवळी, हिरवी. आणि पुढे प्लॅस्टिकच्या लांब नळीतली 'पेप्सी' आली, तिचा त्या मोठ्या कंपनीशी नावापलीकडे काही संबंध नसे. तिचं टोक दातानं तोडायचं आणि ओढायचं. पहिल्या चार ओढींत सगळा रंग, सगळी साखर तोंडात. हातात उरायची ती पांढरी, बेचव बर्फाची कांडी. आम्हाला वाटायचं, दुकानदार फसवतो. तो फसवत नव्हता, बर्फ फसवत होता. पाणी गोठताना आपल्या रांगेत फक्त पाण्यालाच घेतं. साखर, रंग, आंबटपणा, सगळ्यांना बाहेर ढकलतं. बर्फाची जात-पंचायत फार कडक.

हेच उसाच्या रसाचं. एकदा मी मुलांसाठी रसवंतीतून बाटली भरून आणली आणि अर्थातच दहा मिनिटांसाठी फ्रीजरात ठेवली. रविवारी आठवण झाली. वितळायला ठेवली, तर पहिला पेला काकवीसारखा गोड, दुसरा बरा, तिसरा नळाचा. धाकट्याच्या वाट्याला तिसरा आला आणि घरात फाळणीइतका तंटा झाला. रस गुऱ्हाळावर जाऊन प्यावा, चरकाच्या तोंडाशी, आलं-लिंबू पिळून. घरी आणलेला रस तासाभरात काळवंडतो, तो लाजेनंच असं मला वाटायचं. हवा लागली की उसातली विकरं रंग बदलतात, हे नंतर कळलं. मला अजून लाजेचं कारणच पटतं.

काकवीचा विषय निघालाच आहे, तर आता काकांच्या बाटलीबद्दल सांगणं भाग आहे.

काकांच्या फ्रीजरात एक बाटली कायम असे. जाड काचेची, गडद तांबूस द्रवाची, वर चिकटपट्टीवर काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: 'काकवी'. मुंग्या लागतात म्हणून फ्रीजरात, हे स्पष्टीकरण. कोल्हापुरात काकवीच्या बाटलीवर कुणी संशय घेत नाही. काहिलीतला रस गूळ व्हायच्या आधी एक पायरी थांबला, की काकवी. ती घरोघरी असते, चपातीशी खातात. आणि काकांची हुशारी अशी, की शास्त्रही त्यांच्या बाजूनं होतं. काकवी इतकी साखरेनं गच्च असते, की उणे अठरा अंशांच्या फ्रीजरातही तिचा दगड होत नाही. काकांची बाटलीही गोठत नसे. कुणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं.

एका उन्हाळ्यात काकी फ्रीजर साफ करत होत्या. मी शेजारी ताट धरून उभा. त्यांनी ती बाटली काढली, फडक्यानं पुसली आणि सहज आडवी केली. आतून आवाज आला: डुबुक.

आता, फ्रीजरातली काकवी डुबुक वाजत नाही. तिथं ती डांबरासारखी होते. बाटली उलटी करून चहा प्यायला गेलं आणि परत आलं, तरी ती गळ्याशी पोचलेली नसते. डुबुक वाजायला पाणीदार काहीतरी हवं. आणि पाणीदार असून जे उणे अठराला गोठत नाही, त्यात बहुधा मद्यार्कच असतो. शेकडा त्रेचाळीसच्या आसपास मद्यार्क असलेली रम गोठवायची, तर उणे पंचविशीच्याही बरंच खाली जावं लागतं. हे मी निव्वळ शास्त्र म्हणून सांगतोय. काकांचे एक मित्र लष्करातून निवृत्त झालेले होते आणि दर महिन्याला त्यांना भेटायला येत, हीही निव्वळ माहिती.

काकींनी बाटली सरळ केली. पुन्हा एकदा आडवी केली. डुबुक. माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. मग त्यांनी ती जागच्या जागी ठेवली, चिकटपट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्यानं नीट दाबून बसवलं, आणि मला म्हणाल्या, "बघालास काय नुसता? बर्फ टाक जा मोरीत."

पेयांची यादी करताना आमच्या गावात रश्श्याला वगळता येत नाही. बाहेरचे लोक रस्सा खातात, आम्ही पितो. वाटी तोंडाला लावून, मधेच 'हा' करून. तांबडाही आणि पांढराही. थोरली लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून तो डब्यांत भरून फ्रीजरात जाऊ लागला, कारण तिथल्या तांबड्या रश्श्याला ती 'टोमॅटोचं सूप' म्हणते. गोठलेल्या तांबड्या रश्श्याचं रूप मात्र बघण्यासारखं असतं. मटणाची चरबी आणि तेल सगळं मिळून वर तरंगून घट्ट बसतं. लालभडक, गोल, जणू लाखेचा शिक्का मारलाय. खाली करडा, निरुपद्रवी बर्फ. सगळा तिखटपणा दिसायला वरच. पांढऱ्याची गत वाईट. त्यातलं नारळाचं दूध फुटतं, गरम केलं तरी ते पहिल्यासारखं एकजीव होत नाही, आणि पोरगी फोन करून विचारते, "पप्पा, याच्यात पनीर घातलंय काय?" सोलकढीचाही हाच अनुभव. ताकाचं तर नावच काढू नये. वर पाणी, खाली रवा, आणि पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुतक.

असं करत करत आमच्या फ्रीजरात निरनिराळ्या उन्हाळ्यांचे थर साचले. सरबताची बाटली, जिच्यात फुगा आलाय. ताकाचा पेला. पाण्याच्या, तोंडापर्यंत न भरलेल्या (शिकलो होतो आता) अकरा बाटल्या. प्रत्येकीमागे कुणाची तरी दहा मिनिटं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला, महापुराचा. पंचगंगा नदीच्या पाण्याचा आकडा कोल्हापूरकर जसा ऐकतो, तसा परीक्षेचा निकालही ऐकत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, उपसा केंद्रं पाण्याखाली गेली म्हणून नळ कोरडे, वीज गेलेली. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. व्हीनस कॉर्नरला होडी चालताना मी पाहिली. नदीकाठच्या गावांत तर गुऱ्हाळाच्या काहिलीत माणसं बसवून पैलतीरी नेत होते.

खालच्या मजल्यात पाणी शिरायच्या आत आम्ही काकांचं घर वर आणलं. गाद्या, धान्य, देव. काकांनी स्वतः फ्रीजर रिकामा केला आणि ती बाटली तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून जिना चढले. "काकवी हाय," वाटेत मी काही विचारलं नसताना ते म्हणाले. ती आमच्या फ्रीजरात गेली.

गच्च भरलेला फ्रीजर, दार उघडलं नाही तर, वीज गेल्यावरही दीड-दोन दिवस तग धरतो. काकी दारासमोर पाट टाकून बसल्या. कुणाची हिंमत? दुसऱ्या दिवशी घरातलं प्यायचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी दार उघडलं. विसरलेल्या अकरा बाटल्या ओळीनं बाहेर आल्या. निम्मा बर्फ, निम्मं पाणी. वरच्या मजल्यावरची आम्ही आठ माणसं आणि शेजारची चार, दोन दिवस त्यावर निघालो. "एवढं विसरलास ते बरं झालं," काकी म्हणाल्या. आयुष्यात माझ्या विसराळूपणाला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. पुण्याला जायचे रश्श्याचे डबेही वितळले होते. ते गॅसवर चढवले आणि तालमीची पोरं होडी घेऊन दूध-मेणबत्त्या वाटत आली, त्यांना जिन्यावरूनच वाट्या दिल्या. फुटलेला पांढरासुद्धा त्यांनी वाटी चाटून संपवला.

संध्याकाळी काका अंगणातलं गॅसचं सिलिंडर वाहून चाललं म्हणून कमरेएवढ्या पाण्यात उतरले. कुणी अडवायच्या आत. ते बांधून वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते. आम्ही टॉवेल, घोंगडं, काहीबाही शोधत होतो. काकी उठल्या. फ्रीजरातून बाटली काढली, स्टीलच्या पेल्यात चार बोटं ओतली. पातेल्यातलं कढत पाणी वर घातलं. मेणबत्तीच्या उजेडात वाफ निघाली, आणि तिचा वास जिन्यापर्यंत गेला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "काकवी हाय. अंगात ऊब यील."

काकांनी पेला दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडे पाहिलं, मी मेणबत्तीची वात सारखी करत होतो. त्यांनी एका दमात पेला रिकामा केला.

"गोड हाय न्हवं?" काकींनी विचारलं.

"लई," काका म्हणाले.